दोन ठिपके आणि एक गुपित

किनमेन बेटावर सुऱ्या फार चांगल्या मिळतात. मासे कापायच्या, हाडं तोडायच्या, भाजी चिरायच्या. यात काय मोठंसं, असं तुम्ही म्हणाल. पण इथला लोहार तुमच्या डोळ्यांदेखत एक गंजका तोफगोळा उचलतो, गॅसच्या ज्योतीनं त्याचा बिस्किटाच्या पुड्याएवढा तुकडा कापतो, भट्टीत लालबुंद करतो, घणाखाली चपटा करतो, चाकावर ठिणग्या उडवत धार लावतो आणि तुमचा चहा पिऊन होईतो सुरी तयार करून हातात देतो. एका गोळ्यातून अशा डझनावारी सुऱ्या निघतात.

गोळे आले चीनच्या किनाऱ्यावरून. २३ ऑगस्ट १९५८ ला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी तीस हजारांहून जास्त गोळे, आणि ४४ दिवसांत मिळून चार लाख सत्तर हजारांच्या वर! त्यानंतर चीननं एक अजब वेळापत्रक लावलं. विषम तारखांना मारा, सम तारखांना सुट्टी. पुण्यातल्या गल्ल्यांत सम-विषम तारखांचं पार्किंग असतं ना, अगदी तसं. पुढे पुढे गोळ्यांत स्फोटकांऐवजी प्रचाराची पत्रकं भरलेली असायची. पत्रकांच्या गोळ्याच्या चिंधड्या होत नाहीत, जाड कवच शाबूत राहतं. लोहाराला पोलाद मिळालं ते त्यामुळे. हा तोफमारा थांबला १ जानेवारी १९७९ ला, वीस वर्षांनी.

आणि आता खरी गंमत. किनमेनला तेव्हा जग केमॉय म्हणायचं. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद मागणारे दोन गृहस्थ, केनेडी आणि निक्सन, कोट्यवधी लोकांसमोर भांडले ते या केमॉयवरून आणि तिच्या मात्सू नावाच्या धाकट्या बहिणीवरून. अपोलो बंदरापासून घारापुरी जेवढी लांब, साधारण तेवढ्याच अंतरावर केमॉयपासून चीनचं शियामेन शहर. तैवान मात्र सुमारे दोनशे किलोमीटर पलीकडे, आणि ताबा तैवानचा. बेटाचं क्षेत्रफळ दीडशे चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईचा चौथा हिस्सा. नकाशावर ठिपका दिसला तरी नशीब. मग टेक्सासच्या शेतकऱ्यानं आणि शिकागोच्या कसायानं या ठिपक्यावरून मत का ठरवावं?

दोन उमेदवारांची परराष्ट्र धोरणं शेजारी शेजारी ठेवून बघायची, हा खेळ आज आपल्याला नेहमीचा झालाय. वर्तमानपत्रं तक्ते छापतात: रशियावर याचं काय, चीनवर त्याचं काय. पण मतदारानं घरात बसून दोघांना एकाच काचेत बघावं, हे तोवर कधी घडलेलंच नव्हतं. आडवा येत होता एक कायदा. वाहिनीनं एका उमेदवाराला जेवढा वेळ दिला, तेवढाच इतर सगळ्या उमेदवारांना द्यायचा. आणि अमेरिकेत अध्यक्षपदाचे किरकोळ उमेदवारही काही कमी नसतात. अमेरिकी काँग्रेसनं फक्त १९६० पुरता हा नियम बाजूला ठेवला आणि चार वादफेऱ्या ठरल्या, प्रत्येकी एक तासाची. पहिली जवळजवळ सात कोटी लोकांनी पाहिली. त्या फेरीतला निक्सन यांचा घाम आणि दाढीची खुंटं यांवर इतकं लिहिलं गेलंय की मी तिकडे फिरकतच नाही. त्या घामावर इतिहासाचं जेवढं ओझं टाकलं जातं, तेवढं त्याला पेलवत नाही, असं माझं मत.

तिसरी फेरी बघा, १३ ऑक्टोबरची. केनेडी न्यूयॉर्कमध्ये आणि निक्सन लॉस एंजेलिसमध्ये, मध्ये चार हजार किलोमीटरचं अंतर. दोन्हीकडे एकसारखे सेट उभारले होते आणि पडद्यावर दोघे शेजारी शेजारी उभे! आज आपण व्हिडिओ कॉलवर नातवाला घास भरवतो; १९६० साली हे म्हणजे जादूच. आणि ही जादू वापरून दोघे बोलत होते कशावर? केमॉय आणि मात्सूवर.

केनेडींचं म्हणणं सरळ होतं. तैवानचं रक्षण करू, पण रेषा तैवानपाशी आखा. शत्रूच्या दारातली दोन बेटं लष्करीदृष्ट्या राखण्याजोगी नाहीत. निक्सन म्हणाले, प्रश्न दोन बेटांचा नाहीच, तत्त्वाचा आहे. आज ही सोडली की उद्या तैवान मागतील. तुम्ही गावाकडच्या बांधावरची भांडणं पाहिली असतील, तर हा युक्तिवाद तुम्हाला तोंडपाठ असेल. मुद्दा वीतभर जमिनीचा कधीच नसतो. केनेडींनी सुचवलं की असल्या हट्टापायी देश युद्धात ओढला जाईल. त्यावर निक्सन यांनी विचारलं, देशाला युद्धात नेणारा एक तरी रिपब्लिकन अध्यक्ष दाखवा.

आता दोघांच्या वाक्यांवरचा रंग खरवडून काढा. चीननं तैवानवर हल्ला चढवायचा म्हणून बेटांवर चाल केली तर? केनेडी म्हणतात, लढू. निक्सनही थोड्याच दिवसांत तिथेच आले: तैवानवरच्या हल्ल्याची ती नांदी असेल तर लढू. म्हणजे एवढ्या कडाक्याच्या भांडणानंतर दोघांमध्ये उरला तो कागदाच्या जाडीएवढा फरक. ऑक्टोबर संपायच्या आतच केमॉय आणि मात्सू प्रचारातून अशी गायब झाली की जणू समुद्रात बुडाली. बेटांवर मात्र विषम तारखांना गोळे येतच होते.

खरं तर हे दोघे एकमेकांपासून लांब असण्याचं कारणही नव्हतं. निक्सन ४७ वर्षांचे, केनेडी ४३. दोघे दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये नौदलात होते. दोघे जानेवारी १९४७ मध्ये एकाच वेळी काँग्रेसमध्ये आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मकीसपोर्ट या पोलादाच्या गावात कामगार कायद्यावरून दोघांची पहिली जुगलबंदी झाली, आणि परतताना दोघे रात्रीच्या एकाच रेल्वेगाडीनं गप्पा मारत वॉशिंग्टनला गेले. साम्यवादाला रोखायचं, यावर दोघांचं शंभर टक्के एकमत.

आणि इथे अशा तुलनांमधला एक विलक्षण आंधळा कोपरा दिसतो. ज्यावर एकमत, ते वादात येतच नाही! एकूण चार तासांच्या चार फेऱ्यांत विएतनामचा विषय जेमतेम ओझरता निघाला. पुढे ज्या देशात ५८ हजार अमेरिकी सैनिक मेले आणि स्थानिक माणसं तर लाखांनी मेली, त्या देशावर विचारण्यासारखं कुणालाच काही वाटलं नाही.

भारताचंही तसंच. १९५८ सालीच केनेडी आणि रिपब्लिकन सिनेटर कूपर यांनी मिळून भारताला मदत द्यावी असा ठराव मांडला होता. कूपर दिल्लीत राजदूत राहून आलेले. १९६० च्या ४ मे रोजी तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याबरोबर वॉशिंग्टनमध्ये करारावर सही करून आले ते आपले स. का. पाटील, तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, पीएल ४८० या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली. रेशनच्या रांगेत वाढलेल्या पिढीला हा आकडा वेगळा समजवायला नको. अमेरिकेचं परराष्ट्र धोरण आपल्या ताटात पोळी होऊन पडलं, पण दोन्ही पक्षांना ते मान्य होतं, म्हणून निवडणुकीत त्यावर ब्रसुद्धा निघाला नाही.

पाटील सही करत होते त्याच्या तीनच दिवस आधीची तारीख घ्या. १ मे १९६०. मराठी माणसाला ही तारीख सांगायला नको. इकडे मुंबईत नव्या राज्याचा सोहळा चालू होता, आणि त्याच दिवशी पेशावरहून उडालेलं एक अमेरिकी हेरगिरीचं विमान सोव्हिएत युनियनवर वीस किलोमीटरहून जास्त उंचीवर फोटो काढत चाललं होतं. नाव यू-टू. स्वर्डलोव्स्कजवळ ते क्षेपणास्त्रानं पाडलं, वैमानिक पॉवर्स जिवंत सापडला, पॅरिसची शिखर परिषद उधळली. आयझेनहॉवर यांनी खेद व्यक्त करायला हरकत नव्हती, असं केनेडी बोलून गेले आणि निक्सन यांनी ते वाक्य महिनोन्‌महिने त्यांच्या मागे लावलं.

पण या विमानातली खरी नवलाई वेगळी आहे. केनेडींच्या प्रचाराचा एक मोठा खांब होता ‘मिसाइल गॅप’. क्षेपणास्त्रांत रशिया आपल्या पुढे गेलाय आणि सरकार झोपलंय! लोकांना हे पटण्याजोगंच होतं. १९५७ साली रशियानं स्पुटनिक सोडलाच होता, आणि आपले कारखाने सॉसेजसारखी क्षेपणास्त्रं पाडतायत अशी फुशारकी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह मारत होते. यू-टूच्या फोटोंत मात्र ती क्षेपणास्त्रं कुठे सापडत नव्हती. हे आयझेनहॉवर यांना माहीत. उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निक्सन यांना माहीत. सांगणार कसं? फोटो दाखवले तर हेरगिरीची सगळी यंत्रणा उघडी पडते. केनेडी हाणतायत आणि निक्सन मुकाट ऐकतायत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

याच सुमाराला, १९ ऑगस्ट १९६० ला, हवाईजवळ पॅसिफिकवर एक दृश्य घडलं जे सिनेमात दाखवलं तर आपण हसू. अवकाशातल्या उपग्रहानं फिल्मची एक कुपी खाली टाकली. पॅराशूटला लटकत ती येतेय. खाली मालवाहू विमान, त्याच्या शेपटीला आकडे लावलेले. पहिल्या खेपेला हुकलं, दुसऱ्या खेपेला हुकलं, तिसऱ्यांदा आकड्यात पॅराशूट अडकलं आणि कुपी विमानात ओढून घेतली! त्या एका रिळात सोव्हिएत युनियनचा जेवढा भूभाग टिपला होता, तेवढा आधीच्या सगळ्या यू-टू फेऱ्यांनी मिळूनही टिपला नव्हता. भारताच्या क्षेत्रफळाहून मोठा भूभाग होता तो. गाभाऱ्यात दिवा लागावा तसं झालं. पण मतदार बाहेरच्या अंधारातच होता, आणि साप साप म्हणून भुई धोपटणं चालूच राहिलं.

केनेडी जिंकले, फेब्रुवारी १९६१ उजाडला आणि त्यांचेच नवे संरक्षणमंत्री मॅक्नमारा पत्रकारांशी बोलताना सांगून बसले की अशी काही तफावत नाहीच. असलीच तर आपल्या बाजूची आहे. व्हाइट हाउसची सारवासारव करताना तारांबळ उडाली. भ्रमाचा भोपळा फुटला तेव्हा कळलं की रशियाकडे तयार असलेली आंतरखंडीय क्षेपणास्त्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पण या सगळ्यावर कडी केली ती क्युबानं.

१७ मार्च १९६० ला आयझेनहॉवर यांनी सीआयए या गुप्तहेर संघटनेला एक गुप्त परवानगी दिली होती. क्युबाचे सत्ताधीश कास्त्रो यांच्या तिथून पळून आलेल्या विरोधकांना हत्यारं द्या, शिकवा, तयार करा. प्रशिक्षणाचे तळ ग्वाटेमालात. निक्सन या योजनेचे पाठीराखे. लवकर करा म्हणून मागे लागणारे. अर्थात जगासमोर अवाक्षर काढायचं नाही.

२० ऑक्टोबरची संध्याकाळ. चौथी फेरी दुसऱ्या दिवशी, आणि तिचा विषयच परराष्ट्र धोरण. केनेडींच्या भाषणांचं काम बघणारा २८ वर्षांचा रिचर्ड गुडविन एक निवेदन लिहितो: कास्त्रोला उलथवू पाहणाऱ्या स्वातंत्र्यवीरांना आपण बळ दिलं पाहिजे, आजवर आपल्या सरकारनं त्यांना मदतच केलेली नाही. केनेडी तेव्हा हॉटेलात दमून झोपलेले. त्यांना उठवायचं कशाला, म्हणून निवेदन त्यांना न दाखवताच वर्तमानपत्रांकडे जातं. एका मोठ्या देशाची क्युबाविषयीची ‘भूमिका’ कशी ठरली? उमेदवार झोपेत असताना!

निक्सन यांनी ते वाचलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली असणार. जे गुपचूप चाललंय तेच हा माणूस चव्हाट्यावर मागतोय, वर सरकार काही करत नाही म्हणतोय. सीआयएच्या प्रमुखांनी, डलेस यांनी, जुलैमध्ये केनेडींची भेट घेऊन जगाची गुप्त हालहवाल सांगितली होती. त्यात हेही सांगितलं असणार, असं निक्सन यांनी धरलं. केनेडींची माणसं नाही म्हणाली, डलेसही पुढे म्हणाले की गैरसमज झालाय. वाद तसाच राहिला.

काही असो, रात्री कॅमेऱ्यासमोर निक्सन यांनी काय करावं? ‘आम्ही तेच करतोय’ म्हणता येत नाही. गप्प बसावं तर दुबळे दिसतील. मग ते मनात असलेल्या मताच्या बरोबर उलट बोलले, आणि काय बोलले! हा सल्ला अत्यंत बेजबाबदार आहे. लॅटिन अमेरिकेशी केलेले पाच करार आपण मोडू. तिथले सगळे मित्र गमावू. संयुक्त राष्ट्रांत आपला धिक्कार होईल. आणि हे ख्रुश्चेव्हना लॅटिन अमेरिकेत येण्याचं उघड आमंत्रण ठरेल.

मग करायचं काय? निक्सन म्हणाले, क्वारंटीन. कास्त्रोला वाळीत टाका. ग्वाटेमालात आपण आर्बेंझला असंच वेगळं पाडलं आणि तिथल्या जनतेनं स्वतःच उठून त्याला हाकललं! हे वाक्य दोनदा वाचा. १९५४ साली अध्यक्ष आर्बेंझ गेले ते सीआयएच्या गुप्त कारवाईनं. म्हणजे एका गुप्त कारवाईवर पांघरूण घालायला निक्सन यांनी दुसऱ्या गुप्त कारवाईचं पांघरूण वापरलं, तेही त्याच देशाचं, जिथे त्या क्षणी क्युबन पोरं कवायत करत होती. आणि दुसऱ्या दिवशी काय व्हावं? शांततावादी उदार मंडळी खुश झाली ती निक्सन यांच्यावर, आणि केनेडींना युद्धखोर म्हणून चार शब्द ऐकावे लागले.

समजा, तुम्ही त्या दिवशी वही घेऊन दोन रकाने आखले असते. क्युबा. केनेडी: घुसा. निक्सन: कायदा पाळा. तुमचा तक्ता शब्दाबरहुकूम अचूक असता, आणि आशयानं साफ उलटा. मला यातलं सर्वांत मोठं नवल वेगळंच वाटतं. निक्सन खोटं बोलत होते, आणि त्यांचं भाकीत बरंचसं खरं ठरलं.

८ नोव्हेंबरला मतदान झालं. पावणेसात कोटींहून जास्त मतांत फरक पडला सव्वा लाखाच्याही आत. केनेडी निवडून आले आणि ते गुपित वारशानं त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. १७ एप्रिल १९६१ ला सुमारे चौदाशे क्युबन निर्वासित बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर उतरले. तीन दिवसांत खेळ खलास. शंभराहून जास्त मेले, अकराशेंहून जास्त पकडले गेले. जगभर अमेरिकेची छी थू झाली. दीड वर्षानं ख्रुश्चेव्ह खरोखरच क्युबात आले, अण्वस्त्रांच्या रूपानं. आणि तेव्हा समुद्रात जहाजं अडवताना केनेडींनी त्या कारवाईला नाव दिलं क्वारंटीन. त्याच्या आधी, फेब्रुवारी १९६२ मध्ये, क्युबावरच्या ज्या व्यापारबंदीला त्यांनी वादफेरीत निरुपयोगी ठरवलं होतं, तीच आणखी कडक करून त्यांनी सही केली. आदल्या रात्री माणूस पाठवून हजारभर क्युबन सिगार मागवून ठेवल्यानंतर, असं त्यांचे माध्यम सचिव सॅलिंजर पुढे सांगत.

पण मी परत एप्रिलकडे येतो. पराभव पचवायला बसलेल्या केनेडींनी निक्सन यांच्या घरी फोन केला. निक्सन घरी नव्हते. पंधरा वर्षांच्या ट्रिशियानं बाबांसाठी फोनजवळ चिठ्ठी लिहून ठेवली, की मला माहीतच होतं, हे अडचणीत आले की तुम्हालाच बोलावणार.

२० एप्रिल १९६१. गुडविननं ते निवेदन धाडलं त्याला त्या दिवशी बरोबर सहा महिने झाले होते. ओव्हल ऑफिसमध्ये दोघेच. मधे कॅमेरा नाही, सूत्रधार नाही, घड्याळ लावून बसलेलं कुणी नाही. केनेडींनी विचारलं, तुम्ही असता तर क्युबात काय केलं असतं? निक्सन यांनी आठवणींत लिहून ठेवलंय त्याप्रमाणे उत्तर होतं: काहीतरी कायदेशीर निमित्त शोधलं असतं आणि घुसलो असतो. आणि सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्या नावानं ‘घुसा’ छापून आलं होतं, ते केनेडी रशियाकडे बोट दाखवून म्हणाले, नको, त्यात धोका फार आहे.